त्यानं माझं काय घेतलं हुतं?

आमच्या घरात एक जर्मन चमचा होता. अ‍ॅल्युमिनियमचा. एका टोकाला चमचा, दुसऱ्या टोकाला काटा, मधे खिळा ठोकलेला. त्यामुळे दुमडला की दोन्ही एकमेकांवर बसायचे आणि सगळा ऐवज कोपरीच्या खिशात मावायचा. आजोबा त्याच्या काट्यानं डबीतला वाळून घट्ट झालेला चुना खरवडायचे. खिळा सैल झाला होता, उघडताना कुरकुरायचा. दुपारच्याला ओट्यावरून तो आवाज आला की आजोबा झोपेतून उठले, आता तंबाखू मळणार, हे आम्हा पोरांना माजघरात बसल्या जागी कळायचं.

आजोबा मराठा पलटणीत होते. लढाईत इटलीला गेलेले. सेनियो नावाची एक नदी आहे तिकडे, दोन्ही काठांना उंच मातीचे बांध घातलेली. ९ एप्रिल १९४५ रोजी त्या बांधावर नामदेव जाधव या नगर जिल्ह्यातल्या शिपायानं आपल्या दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं, मग एकट्यानं जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून पलटणीची रणगर्जना देत मागच्यांना हाक मारली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा त्या आठवड्यात त्याच नदीच्या काठी होते. नामदेव जाधवांची गोष्ट ते उभं राहून, हात वर करून सांगायचे. स्वतःची सांगायची वेळ आली की चमच्याची सांगायचे.

२ मे १९४५ला इटलीतल्या जर्मन फौजांनी हत्यारं खाली ठेवली. त्यानंतर काही दिवस आजोबांना कैद्यांवर पहारा होता. त्यातल्या एकाला त्यांनी सिगारेट दिली. त्यानं ती ओढून संपवली, खिशात हात घातला आणि हा चमचा पुढे केला. आजोबांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं, त्याची भाषा येत नव्हती. गोष्ट एवढीच. पण ती सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू सोयऱ्याची आठवण काढतायत. मी सातवी-आठवीत असेन, तेव्हा एकदा विचारलं, “आजोबा, पण तो तर शत्रू होता ना?” त्यांनी हातावरचा चुना तंबाखूत चोळला आणि म्हणाले, “त्यानं माझं काय घेतलं हुतं?”

याच आजोबांनी आपल्या सख्ख्या चुलतभावाशी छत्तीस वर्षं एक शब्द बोलला नाही. कारण बांध. हात-दीड हात बांध कोरला, असं हे म्हणायचे. त्यांनी कोरला, असं ते म्हणायचे. विहीर मात्र सामाईक होती, पूर्वजांनी खोदलेली, आणि तिच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आमच्या पाळीच्या रात्री आमची मोटार, त्यांच्या पाळीच्या रात्री त्यांची. त्या आजोबांना सगळं गाव आबा म्हणायचं. आमच्या घरात त्यांना नाव नव्हतं. ‘पलीकडचा’ एवढंच.

हे सगळं मला गेल्या वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रियातल्या एका बंद फाटकासमोर उभं असताना आठवलं.

मुलगी म्युनिकला शिकते. तिच्याकडे तीन आठवडे गेले होते. तिला वाटत होतं आईला राजवाडे बघायचे असतील, तळी बघायची असतील. मी म्हटलं, मला इटरला ने. रोझेनहाइम, कुफश्टाइन करत इन नदीच्या कडेनं गाडी व्योर्गलला जाते. तिथून वर डोंगराच्या पोटाशी इटर हे लहानसं गाव आणि गावाच्या टोकाशी, झाडीतून वर आलेल्या टेकाडावर किल्ला. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रायगड-प्रतापगड येतो. तो सोडून द्यायचा. हा एकोणिसाव्या शतकात जुन्या अवशेषांवर पुन्हा बांधलेला, बुरूज असलेला मोठा वाडाच म्हणायचा. सोफी मेंटर नावाच्या नामांकित पियानोवादक बाई इथे राहायच्या, त्यांच्याकडे संगीतकार लिस्ट येऊन गेलेले, चायकॉव्स्की येऊन गेलेले. आज तो खासगी मालकीचा आहे, आत सोडत नाहीत. हे आधीच माहीत होतं. तरी मला ते दार बघायचं होतं.

या दारात ५ मे १९४५ रोजी अमेरिकन सैनिक आणि जर्मन सैनिक खांद्याला खांदा लावून लढले. समोर होते हिटलरच्या एसएस या कट्टर नाझी दलाचे लोक. पाठीमागे, किल्ल्यात, फ्रान्सचे दोन माजी पंतप्रधान आणि दोन माजी सरसेनापती, कैदी म्हणून. हिटलर मरून पाच दिवस झाले होते आणि युरोपातलं युद्ध संपायला तीन दिवस उरले होते.

ही गोष्ट आता बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते आणि सांगणाऱ्याचा सगळा भर त्या खांद्याला खांद्यावर असतो. शत्रू एक झाले, माणुसकी जिंकली. ते खोटं नाही. पण मला वर्षानुवर्षं या गोष्टीत ओढून नेतं ते किल्ल्याचं जेवणघर. त्या जेवणघरात माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसून जेवायची.

एसएसनं हा किल्ला १९४३च्या फेब्रुवारीत ताब्यात घेतला आणि दोन-तीन महिन्यांत त्याचं कैदखान्यात रूपांतर केलं. कारभार दाखाऊच्या छळछावणीच्या अखत्यारीत. इथे ठेवायचे ते साधे कैदी नव्हते. उद्या सौदा करायची वेळ आली तर उपयोगी पडतील अशी नावाजलेली माणसं. त्यात एदुआर दलादिए. १९३८मध्ये म्युनिकमध्ये हिटलरशी झालेल्या करारावर फ्रान्सतर्फे सही करणारे पंतप्रधान. त्यात पॉल रेनो. मार्च १९४०मध्ये दलादिएंच्या जागी आलेले पंतप्रधान. जनरल मोरिस गाम्लँ. जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले तेव्हा सरसेनापती असलेले. आणि जनरल मॅक्सिम वेगाँ. ऐन लढाईत गाम्लँना काढून त्यांच्या जागी बसवलेले. शिवाय कामगारनेते लेआँ जुओ, पहिल्या महायुद्धातल्या पंतप्रधान क्लेमांसोंचे चिरंजीव मिशेल, विम्बल्डन दोनदा जिंकलेले टेनिसपटू ज्याँ बोरोत्रा. शेवटी शेवटी जनरल द गॉलची बहीण आणि तिचे यजमानही आले.

आता ही यादी नीट वाचली तर लक्षात येतं, की एसएसनं फ्रान्सच्या पराभवाचा सगळा खटलाच एका छपराखाली आणून ठेवला होता. रेनोंना गाम्लँ नको होते, दलादिए त्यांना सांभाळून घेत होते. या ओढाताणीत लढाई तोंडावर आली. गाम्लँना काढून रेनोंनी वेगाँना बैरूतहून बोलावून घेतलं, आणि त्याच वेगाँनी काही आठवड्यांत लढाई थांबवा, तह मागा म्हणून रेनोंच्या मागे धोशा लावला. रेनोंचं म्हणणं होतं, मायभूमी गेली तरी उत्तर आफ्रिकेतून लढू. १६ जून १९४०ला रेनोंनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी मार्शल पेताँ आले, जर्मनीशी तह झाला, वेगाँ त्यांचे संरक्षणमंत्री झाले. बोरोत्रा त्याच सरकारात खेळांचा कारभार बघत होते. रेनोंच्या दृष्टीनं वेगाँ देश विकणारा. वेगाँच्या दृष्टीनं रेनो देश बुडवणारा. दलादिए आणि रेनो यांचं तर त्याच्याही आधीपासूनचं. दोन वर्षं ही माणसं एकाच जिन्यावरून वर-खाली करत राहिली.

याला आपल्याकडे एक शब्द आहे, आणि तो फ्रेंचांना मिळाला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. भाऊबंदकी. ती परक्याशी होत नाही. तिला आधी एक सामाईक घर लागतं, सामाईक विहीर लागते, आणि त्यात आपल्या वाट्याचं कुणीतरी मारलं हा सल लागतो. जर्मनांनी रेनोंचा देश घेतला. पण रेनोंना रात्री झोपू न देणारं जे होतं, ते वेगाँनी घेतलं होतं.

सुटका कशी झाली, ते सांगायला हवं. आणि ती सांगताना सगळ्यात आधी ज्या दोघांची नावं यायला हवीत, ती सहसा घाईघाईत ‘एक नोकर’ आणि ‘एक आचारी’ म्हणून उरकली जातात. ते दोघंही नोकर नव्हते. किल्ल्यात वरच्या मजल्यावर बड्या कैद्यांना खोल्या होत्या, पलंग होते. त्यांची लाकडं फोडायला, दिवे दुरुस्त करायला, स्वयंपाक करायला दाखाऊसारख्या छावण्यांमधून पूर्व युरोपातले कैदी आणलेले होते. तेही कैदीच, फक्त त्यांच्या बदल्यात कुणी काही देणार नव्हतं. मारून टाकले असते तर कुणी विचारलं नसतं.

झ्वोनिमिर चुच्कोविच हा त्यातला एक. युगोस्लाव प्रतिकारातला माणूस, किल्ल्यातली सगळी दुरुस्तीची कामं त्याच्याकडे. ३ मे रोजी किल्ल्याचा प्रमुख विमर याच्या कामासाठी बाहेर जायचं निमित्त त्याला मिळालं. खिशात इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी होती: जो पहिला अमेरिकन भेटेल त्याला द्यायची. व्योर्गल जवळ, पण तिथे जर्मन. म्हणून तो नदीच्या वरच्या अंगाला वळला आणि इन्सब्रुकच्या दिशेनं निघाला. साठेक किलोमीटर. त्या दिवसांत त्या रस्त्यावर कुठल्याही नाक्यावर कुठलाही माथेफिरू पोरगा बंदूक रोखून उभा असू शकत होता. तो संध्याकाळपर्यंत इन्सब्रुकला अमेरिकनांपर्यंत पोहोचला.

किल्ल्यात कुणाला हे कळायचा मार्गच नव्हता. तो परत आला नाही एवढंच कळलं. ४ मे रोजी विमरनं पळ काढला, त्याच्यामागे पहारेकरी गेले. कैद्यांनी मागे राहिलेली हत्यारं उचलली. दार उघडं होतं, पण बाहेर पडायची सोय नव्हती: आसपासच्या रानात एसएसच्या टोळ्या फिरत होत्या, आणि खिडकीत पांढरं फडकं लावणाऱ्या गावकऱ्यांवरही गोळ्या झाडत होत्या. कैद म्हणजे कुलूप असं आपण समजतो. त्या दिवशी कुलूप गेलं आणि कैद मात्र तशीच राहिली.

तेव्हा दुसरा माणूस निघाला. आंद्रेआस क्रोबोट, चेक, किल्ल्याचा आचारी. सायकलवर. किल्ल्यापासून व्योर्गलपर्यंत सगळा उतार आहे. मी तो रस्ता बसच्या खिडकीतून बघितला आणि सबंध वेळ ती सायकल डोळ्यांसमोर होती. उतारावर पायडल मारावं लागत नाही, त्यामुळे माणसाच्या पायांना काही काम राहत नाही; हात ब्रेकवर आणि कान दोन्ही बाजूंच्या झाडीत. वर्षानुवर्षं ज्यांच्या हुकमात जगला त्या गणवेशातली माणसं खाली गावात असणार, हे माहीत असताना हा माणूस खाली गेला. आणि खाली त्याला जो भेटला त्याच्या अंगावर जर्मन मेजरचाच गणवेश होता.

योसेफ गांगल. लोक सेप म्हणायचे. बव्हेरियाचा, वय चौतीस. तोफखान्यातला. रशियाच्या आघाडीवर लढलेला, नॉर्मंडीत लढलेला, शौर्यपदक मिळालेला. म्हणजे युद्धाची पाच-साडेपाच वर्षं यानं त्या सैन्यात इमानानं काम केलं होतं. ते झाकायचं कारण नाही. पण एप्रिलच्या अखेरीला व्योर्गलमध्ये त्यानं ठरवलं, की आता मागे हटत जाताना गावं जाळू द्यायची नाहीत. त्यानं स्थानिक प्रतिकारगटाशी संधान बांधलं, आपल्या माणसांमधली विश्वासातली मूठभर माणसं जवळ ठेवली आणि गाव राखत बसला. क्रोबोटची हकिगत ऐकल्यावर त्याला कळलं की एवढ्या माणसांवर किल्ला राखता येणार नाही. तेव्हा पांढरं निशाण लावून तो गाडीत बसला आणि कुफश्टाइनकडे, अमेरिकनांच्या दिशेनं निघाला.

कुफश्टाइनला अमेरिकन १२व्या चिलखती डिव्हिजनचे चार रणगाडे उभे होते. त्यांचा कॅप्टन जॅक ली, वय सत्तावीस, न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावचा. समोर जर्मन मेजर उभा राहून सांगतोय की तुमच्या मित्रराष्ट्राचे पंतप्रधान अमुक किल्ल्यात आहेत, चला माझ्याबरोबर. युद्ध संपल्यात जमा होतं. शेवटच्या आठवड्यात मरायची कुणालाच इच्छा नव्हती. ली वरिष्ठांना विचारून निघाला; आधी गांगलच्या गाडीत बसून जाऊन किल्ला बघून घेतला. शत्रूच्या मेजरच्या गाडीत, शत्रूच्या मुलखात. एवढा भरवसा त्यानं कशावर टाकला असेल, हे मी अनेकदा मनाशी घोळवलं आहे. माझा अंदाज असा, की तिथे भरवशाची तेवढी गरजच नव्हती. दोघांमध्ये मागचं काहीच नव्हतं. कुणी कुणाचा बांध कोरला नव्हता.

वाटेतल्या पुलांची आणि गावाची राखण करायला बाकीचे मागे ठेवावे लागले. किल्ल्यावर शेवटी पोहोचला एक शर्मन रणगाडा, लीचे मूठभर लोक आणि एका ट्रकमध्ये गांगलचे दहाएक तोफखानेवाले. किल्ल्यातले लोक वाट बघत होते मोठ्या फौजेची. दारात एकच रणगाडा आणि त्याच्यामागे जर्मन, हे बघून त्यांचे चेहरे पडले असं म्हणतात, पडणारच. लीनं रणगाडा दारापाशी आडवा लावला आणि माणसं खिडक्यांवर वाटून दिली. किल्ल्यात आणखी एक जण येऊन राहिला होता: कुर्ट श्रादर, जखमी होऊन इटर गावात बायकामुलांसह राहणारा एसएसचाच अधिकारी. फ्रेंच कैद्यांशी त्याची ओळख झाली होती. तोही बंदूक घेऊन उभा राहिला, समोर त्याच्याच दलाची माणसं असताना.

५ मेच्या सकाळी शे-दीडशे एसएस सैनिकांनी हल्ला चढवला. लीनं फ्रेंचांना आत लपून राहायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. सहासष्ट वर्षांचे रेनो आणि एकाहत्तरचे क्लेमांसो बंदुका घेऊन बाहेर आले. ८८ मिलिमीटरच्या तोफेचा गोळा रणगाड्यावर बसला आणि तो पेटला. आत एकटा रेडिओवाला बिघडलेला रेडिओ दुरुस्त करत होता, तो बचावला. पण आता मदत मागायचं साधन उरलं नाही. गांगलनं फोनवरून व्योर्गलला शेवटचा निरोप दिला होता, त्यावर दोन सैनिक आणि एक पोरसवदा ऑस्ट्रियन मुलगा मदतीला आले होते. मग फोनची तारही तुटली. गोळ्या संपत आल्या.

रेनो मोकळ्या जागेत आले होते. गांगल त्यांना आडोशाला ओढायला पुढे झाला आणि नेम धरून बसलेल्या एसएसच्या बंदूकधाऱ्याची गोळी त्याला लागली. जागीच गेला. किल्ला राखणाऱ्यांपैकी त्या दिवशी मेलेला तो एकटा.

इथे मी दर वेळी थांबते. जर्मन मेजर फ्रान्सच्या पंतप्रधानासाठी मेला. १९४०मध्ये ज्या पंतप्रधानाचा देश जर्मनीनं घेतला, तोच हा. गांगलची आणि रेनोंची ओळख किती, तर एका रात्रीची. आणि त्याच भिंतींच्या आत रेनोंना पाच वर्षं जवळून ओळखणारी माणसं होती, ज्यांच्यासाठी रेनोंनी किंवा रेनोंसाठी ज्यांनी मान वळवून बघितलं नसतं.

दुपारी बोरोत्रा पुढे झाले. सेहेचाळीस वर्षांचे, पण टेनिसपटूचे पाय. म्हणाले, मी जातो, येणाऱ्या मदतीला वाट दाखवतो. त्यांनी तटावरून उडी टाकली आणि एसएसच्या वेढ्यातून धावत सुटले. पोहोचले. अमेरिकन गणवेश मागून घेतला आणि मदतीच्या तुकडीबरोबर परत आले. चारच्या सुमाराला ती तुकडी किल्ल्यावर आली आणि एसएसचे शंभरेक लोक कैद झाले. वेगाँसारखेच पेताँच्या सरकारात राहिलेले हे बोरोत्रा; सगळ्या किल्ल्याचा जीव वाचवायला धावले, त्यात रेनोही आले. मला बोरोत्रांचं राजकारण मुळीच पटत नाही. ती उडी मात्र मी कधी विसरणार नाही.

लीला मोठं पदक मिळालं. तो १९७३मध्ये गेला. गांगल व्योर्गलला विसावला आणि त्याच्या नावाचा रस्ता तिथे आहे. आम्ही तो शोधून काढला. संध्याकाळ झाली होती, एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या. मुलीनं पाटीचा फोटो काढला आणि विचारलं, “आई, क्रोबोटच्या नावाचा रस्ता कुठे आहे?” मला उत्तर देता आलं नाही.

आणि किल्ल्यातली ती माणसं? १० मेला पॅरिसला पोहोचली. एकत्र मरता मरता वाचलेली. वेगाँना परतल्यावर अटक झाली. तीन वर्षांनी आरोपांतून सुटले. पण त्याच्या आधी, त्याच उन्हाळ्यात, पेताँवरचा खटला उभा राहिला. साक्षीला रेनो आले, दलादिए आले, वेगाँ आले. भर न्यायालयात रेनो आणि वेगाँ समोरासमोर उभे ठाकले आणि १९४०च्या जूनमध्ये कोण काय म्हणालं, कुणी कुणाचा घात केला, हे पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. इटरच्या त्या दुपारला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. जी गोळी आपल्या अंगावर येणार होती ती एका जर्मनानं झेलली, हे बघितलेला माणूस तिथे उभा होता, आणि त्याचा राग जर्मनांवर नव्हता. मला हे वाचून आधी चीड आली होती. आता येत नाही. दोघांनाही आपापला फ्रान्स दुसऱ्यानं बुडवला असं खरोखर वाटत होतं, आणि ते वाटणं किती खोल असतं हे मी घरात बघितलं आहे.

फाटकासमोर आम्ही अर्धा तास उभ्या होतो. मुलीला मी तिच्या पणजोबांची आणि आबांची गोष्ट तिथेच सांगितली. तिनं बांध म्हणजे नेमकं काय, किती रुंद, हे हातानं दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. ती बराच वेळ माझ्या दोन हातांमधल्या अंतराकडे बघत राहिली.

आबा १९९१च्या वैशाखात गेले. मी तेव्हा कॉलेजला, सुट्टीत गावी आले होते. आजोबा तिरडीजवळ गेले नाहीत, खांदा दिला नाही. पण लोक आमच्या घरासमोरून निघाले तेव्हा ओट्यावर बसलेले आजोबा उठले आणि ताठ उभे राहिले, हात बाजूला, जसे पलटणीत शिकवलेले. शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले. सुतक आम्हालाही होतं. छत्तीस वर्षं न बोललेल्या माणसाचं सुतक, भावकी म्हणून. आजोबांनी ते दहाही दिवस पाळलं. दुपारी ओट्यावरून चमच्याचा आवाज आला नाही.

ज्या दिवशी आबा गेले त्या रात्री पाणी आमचं होतं. उसाला पाणी हवं होतं, आठ दिवसांनी पाळी आली होती. जेवणं झाल्यावर वडील बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघाले. आजोबा अंधारातून म्हणाले, “आज ऱ्हाऊ दे.” वडील थांबले, काही बोलले नाहीत, बॅटरी खुंटीला अडकवली. आबांच्या मुलांनी तर त्या रात्री मोटारीकडे बघायचा प्रश्नच नव्हता.

पहाटे मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. इतक्या वर्षांत एकही रात्र त्या विहिरीला उसंत नव्हती, कधी आमची मोटार, कधी त्यांची. वैशाखात तर तळ दिसायचा. त्या दिवशी पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत चढलेलं होतं, आणि इतकं संथ, की मला कळशी बुडवायला धीर होईना.